पडद्यावरचे म्हसा आणि तारेवरचे म्हसा

पौष पौर्णिमेच्या यात्रेमुळे ठाणे जिल्ह्यात सर्वांना ठाऊक असलेल्या, मुरबाड तालुक्यातील म्हसा या गावाचा संगणकाच्या इतिहासाशी काही संबंध नाही. तरीही त्या इतिहासातील एक प्रश्न तपासून पाहण्यास हे नाव आम्हांला फार सोयीचे वाटते. ‘म्हसा’ डोळ्यांना दोन अक्षरांचा शब्द दिसतो. घडणीत मात्र म, हलन्त, ह, स आणि काना असे पाच घटक आहेत. यंत्राने साठवायचे ते काय, दिसणारे की घडणीतले?

१९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला. तो एकटाही काम करी आणि तार जोडली की दूरच्या मोठ्या संगणकाचे टर्मिनल, म्हणजे केवळ कळफलक आणि पडदा, म्हणूनही वापरता येई. अशा यंत्राची पारख करताना किंमत, तारेचा वेग, पडद्यावरचे ८० स्तंभ आणि २५ ओळी एवढे पाहिले जाई. या पारखीत एक गृहीत दडलेले होते: एक संकेत म्हणजे एक अक्षर आणि एक अक्षर म्हणजे एक चौकट. रोमन लिपीला ते मानवते. आमचा ‘म्ह’ मात्र तेथेच अडखळतो. शिवाय ॲस्कीचे १२८ संकेत सात बिटांत मावतात. तार सातच बिटे वाहत असेल, तर त्यापलीकडे ठेवलेली देवनागरी पोहोचतच नाही.

या अडचणीवरचे काम आयआयटी कानपूर येथे सुरू झाले होते. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि मोहन तांबे यांच्यासह ते ‘जिस्ट’ या नावाने तेथे आले. जिस्टचे कार्ड संगणकात बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या साध्या मजकुरी आज्ञावलींतही भारतीय लिप्या उमटत. युनिक्स यंत्रांना जोडण्याची जिस्ट टर्मिनलेही निघाली. पडद्यावर जोडाक्षर घडवण्याचे काम कार्ड करी. साठवणीत आणि तारेवर जात ते फक्त घटकांचे संकेत. इस्की या नावाने ओळखली जाणारी ही संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक ठरली. तीत ‘म्हसा’चे पाच संकेत होतात, वर्णविचार शिकवणारा शिक्षक फळ्यावर फोड करील तसेच.

पुढे खिडक्यांचे, चित्रमय पडद्याचे संगणक आले, डीटीपी आले आणि निकष बदलला. छापील पान देखणे दिसले की काम झाले, असे मानले जाऊ लागले. बहुतेक फाँटांत साठत होते ते वर्णांचे नव्हे, आकारांचे क्रमांक. प्रत्येक फाँटाचा क्रम निराळा. एका फाँटातला ‘म्हसा’ दुसऱ्यात उघडला की निरर्थक चिन्हे उमटत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट खुले केले. शेल खाते घेणाऱ्याचा संगणक दूरध्वनीच्या तारेवर पुन्हा टर्मिनलच झाला, पण त्यावर मराठी माणसे मराठी लिहीत ती रोमन लिपीत.

दरम्यान १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली होती. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे. म्हणून इस्कीतला जुना मजकूर आज जवळजवळ संकेतास संकेत लावून उतरवता येतो. फाँटांत अडकलेल्या मजकुरासाठी प्रत्येक फाँटाचे निराळे कोष्टक लागते.

जिस्ट कार्ड आज कालबाह्य झाले आहे, आणि त्याची अक्षरे डीटीपीच्या अक्षरांइतकी सुबक होती असा आमचा दावा नाही. पण टर्मिनलाच्या बंधनामुळे त्याला जो प्रश्न टाळता आला नाही, तोच महत्त्वाचा होता: पडदा विझल्यावर तारेच्या दुसऱ्या टोकाला काय उरते? मराठीची साधने पारखताना आपण हा प्रश्न पुष्कळ वर्षे विचारला नाही. त्या वर्षांतली किती मासिके आणि पुस्तके आज केवळ कागदावर वाचता येतात, हे पाहिले म्हणजे त्याची किंमत कळते.