अर्धेल, तिर्धेल आणि महाड-पोलादपूरची नाचणी

महाड-पोलादपूरच्या खोती गावांत पिकाची वाटणी दोन शब्दांत सांगितली जात असे : अर्धेल आणि तिर्धेल. भात पिकले तर निम्मे खोताचे. नाचणी-वरी पिकली तर तिसरा हिस्सा खोताचा. कूळ तेच, खोत तोच, पाऊसही तोच. मग हिस्सा निराळा का? याचे उत्तर आधी जमिनीत शोधावे लागते आणि नंतर दप्तरात.

सावित्री महाबळेश्वराच्या कड्यावरून उतरते आणि पोलादपूर व महाड ओलांडून बाणकोटच्या खाडीला मिळते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भाताला हा पाऊस मानवतो, पण त्यासाठी पाणी धरून ठेवणारी, बांध घातलेली सपाट खाचरे हवीत. महाडच्या खाली दासगावच्या अंगाला खाडीचे खारे पाणी आत शिरते. अशा खारजमिनीत क्षार सोसणारा तांबडा ‘राता’ लावीत. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल होत. (थंडीतल्या पोपटीचे मूळ या दुबार पिकातच आहे.)

पोलादपूरकडे जावे तसे खोरे अरुंद होते. खाचरे थोडी, डोंगर फार. उतारावरच्या या पातळ, मुरमाड जमिनीला ‘वरकस’ म्हणतात. तेथे पाणी ठरत नाही म्हणून भात होत नाही. नाचणीला मात्र साचलेले पाणीच सोसत नाही, त्यामुळे तिला उतार मानवतो. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, पुढे हरीक किंवा तीळ, आणि मग जमीन काही वर्षे पडीक ठेवायची, असा साधारण क्रम असे. नांगर चालेना तेथे कुदळ. म्हणजे वरकसाचा मोठा भाग दरवर्षी विश्रांती घेत असे आणि जो पिके त्याला श्रम अधिक लागत. तिर्धेलीतली ‘सवलत’ ही खोताची उदारता नव्हे. निम्मा हिस्सा मागितला असता, तर तो उतार कसायला कोणी तयारच झाले नसते.

दोन्ही पिकांची सुरुवात मात्र एकाच आगीतून होई. उन्हाळ्यात झाडांची कवळे तोडायची, शेण, पालापाचोळा, गवत व माती यांचे थर वाफ्यावर रचायचे आणि ते भाजायचे : हा राब. राखेचे खत मिळे, तण जळे, आणि पहिल्या पावसाबरोबर रोपे जोमाने उठत. लावणी पुढे होई. १८७८ च्या वन कायद्यानंतर कवळ तोडण्यावर बंधने आली, आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. १८९३ च्या डॉ. व्होल्कर यांच्या शेतीविषयक अहवालातही राबाची चर्चा आहे. वरून रानटी भासणाऱ्या या रीतीमागचा हिशेब शेतकऱ्याला ठाऊक होता. साहेबाला तो प्रयोग करून पटवून घ्यावा लागला.

आता पुन्हा वाटणीकडे. निम्मे भात खोताकडे गेले की उरलेल्यातून बियाणे, मीठ, कापड आणि कर्ज. वर्षभराची भाकरी होती ती नाचणीची. नाचणीचा दाणा कीड न लागता वर्षानुवर्षे टिकतो. भात बुडालेल्या वर्षी कणगीतली जुनी नाचणी हाच आधार. या खोऱ्यात भात हे देण्याचे पीक होते आणि नाचणी हे जगण्याचे. महसुलाच्या कागदांत भाताचे खाचर मोलाचे ठरते. कुळाच्या घरात तो क्रम उलटा होता.

ज्यांच्या वाट्याला वरकसही नव्हते, त्यांचा प्रश्न महाडमध्येच मांडला गेला. मार्च १९२७ च्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेची आठवण चवदार तळ्यामुळे राहिली, आणि ते योग्यच आहे. पण त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महारकी सोडून शेतीकडे वळण्याचा आणि त्यासाठी जंगलच्या जमिनी मिळवण्याचा आग्रहही धरला होता. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. खोताला वाजवी भरपाई आणि कसणाऱ्याला जमिनीचा हक्क, असे त्याचे स्वरूप होते. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. विधेयक संमत झाले नाही. खोती कायद्याने संपली ती १९४९ च्या अधिनियमाने, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कुळांना मालकीची वाट मोकळी झाली.

तोवर अनेक घरांतील तरुण मुंबईच्या गिरण्यांत पोहोचले होते. खाचरे घरच्यांनी सांभाळली. वरकसाला लागणारे हात मात्र गावात उरले नाहीत. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागा आल्या, तेव्हा कोकणातल्या अशा पडीक उतारांवर आंबा आणि काजू उभे राहिले. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष ठरले आणि शंभर ग्रॅममागे तीनशेहून अधिक मिलिग्रॅम कॅल्शियम देणारी नाचणी शहरातल्या दुकानांत बिस्किटांच्या पुड्यांवर झळकली. त्या वर्षीही पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत ती पिकत होती, पण थोड्या तुकड्यांवर, आणि बहुधा वयस्क बायकांच्या हातची.