युद्धवार्तांकनाचे दोन मार्ग

९ मे २०२५ रोजी नियंत्रण रेषेवर पाकिस्तानच्या माऱ्यात अग्निवीर मुरली नाईक यांना वीरमरण आले. त्यांच्या कुटुंबाचे दीर्घकाळ वास्तव्य घाटकोपरला होते. ही वार्ता येताच उपनगरात शोककळा पसरली. आदल्याच रात्री अनेक वृत्तवाहिन्या कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगत होत्या. ते वृत्त खोटे ठरले. ज्या घरातला मुलगा सीमेवर आहे, त्या घराने विश्वास कोणत्या बातमीवर ठेवावा? त्यासाठी ती बातमी कोठून व कशी येते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

सैन्याबरोबरचा वार्ताहर

लष्करी तुकडीसोबत राहून वार्तांकन करण्याची पद्धत ‘एम्बेडेड’ या नावाने २००३ च्या इराक युद्धात रूढ झाली. अमेरिकी सैन्याबरोबर शेकडो पत्रकार गेले. तुकडीचे नेमके ठिकाण व पुढील मोहीम उघड करायची नाही, तसेच नातेवाइकांना कळविण्यापूर्वी मृत सैनिकाचे नाव द्यायचे नाही, अशा अटी त्यांच्यावर होत्या. सैनिकाचे भय, थकवा आणि धैर्य या वार्ताहराला जवळून दिसते. मात्र ज्यांच्या संरक्षणात तो जगतो, त्यांच्याविषयी तटस्थ राहणे त्याला कठीण जाते आणि समोरच्या बाजूचे नागरिक त्याच्या नजरेआड राहतात.

स्वतंत्र वार्ताहर

स्वतंत्र वार्ताहर त्या नागरिकांपर्यंत पोहोचू शकतो. त्याची किंमतही मोजतो. ब्रिटनच्या आयटीएन वाहिनीचे टेरी लॉइड मार्च २००३ मध्ये बसराजवळ मारले गेले. अमेरिकी सैनिकांनी त्यांना बेकायदा ठार केले, असा निष्कर्ष २००६ मध्ये ब्रिटनमधील मृत्युचौकशीत निघाला. अर्थात, सैन्यासोबत असणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. पुलित्झर पुरस्कारप्राप्त भारतीय छायाचित्रकार दानिश सिद्दिकी १६ जुलै २०२१ रोजी स्पिन बोल्डाक येथे मारले गेले, तेव्हा ते अफगाण विशेष दलाबरोबर होते.

भारतातील चित्र

१९९९ च्या कारगिल युद्धात दूरचित्रवाणीचे वार्ताहर थेट रणक्षेत्रापर्यंत पोहोचले. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यातील थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कठोर ताशेरे ओढले. २०१५ मध्ये केबल वाहिन्यांच्या नियमांत दुरुस्ती झाली. त्यानुसार दहशतवादविरोधी कारवाई सुरू असताना थेट प्रक्षेपणास मनाई असून, नियुक्त अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच प्रसारित करता येते.

वाचकाने काय पाहावे

वार्ताहर कोठे उभा आहे, कोणासोबत आहे, त्याने स्वतः काय पाहिले आणि ‘सूत्रांकडून’ काय ऐकले, हे बातमीत स्पष्ट असावे. सोबतच्या वार्ताहराकडून सैनिक कळतो, स्वतंत्र वार्ताहराकडून युद्धाचे परिणाम. ही दोन्ही वृत्ते शेजारी ठेवून वाचणे हिताचे. ज्या बातमीत स्थळ नाही, साक्षीदार नाही आणि केवळ जल्लोष आहे, ती सैनिकाच्या घरापर्यंत पोहोचवण्यापूर्वी थांबलेले बरे.