सरकारच आदेश मानत नसेल तर? न्यायालयाच्या हातातील साधने

न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस दल नाही, तिजोरी नाही. आदेश न्यायालय देते आणि तो अमलात आणतात सरकारी कार्यालये. मग ज्या सरकारविरुद्ध आदेश झाला तेच गप्प बसले तर? जमीन, शिष्यवृत्ती, आरक्षण, भरपाई अशा लढ्यांत निकाल लागणे म्हणजे अर्धीच लढाई. उरलेली अर्धी कशी लढायची, ते आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

घटनेतील आधार

अनुच्छेद 32 ला बाबासाहेबांनी 9 डिसेंबर 1948 रोजी घटना समितीत घटनेचा आत्मा म्हटले. या अनुच्छेदाने सर्वोच्च न्यायालयात आणि 226 ने उच्च न्यायालयात थेट दाद मागता येते. अवमानाबद्दल शिक्षा देण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाला 129 ने आणि उच्च न्यायालयांना 215 ने मिळतो. अनुच्छेद 144 नुसार देशातील सर्व मुलकी व न्यायिक प्राधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाला साहाय्य केलेच पाहिजे.

अवमान याचिका

न्यायालय अवमान अधिनियम, 1971 नुसार आदेश जाणूनबुजून मोडणे हा दिवाणी अवमान आहे. शिक्षा 6 महिन्यांपर्यंत साधी कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. येथे मुद्दा लक्षात घ्या: ‘शासन’ तुरुंगात जात नाही, माणूस जातो. म्हणून याचिकेत आदेश पाळण्याची जबाबदारी ज्याच्यावर होती त्या अधिकाऱ्याचे नाव व पद हवे.

महाराष्ट्रातलेच उदाहरण आहे. सर्वोच्च न्यायालयाने मनाई केलेली असतानाही सॉ मिलना परवानगी दिल्याबद्दल 2006 मध्ये मंत्री स्वरूपसिंग नाईक आणि वनखात्याचे प्रधान सचिव अशोक खोत यांना प्रत्येकी एक महिन्याची साधी कैद झाली. मंत्रिपदाची ढाल चालली नाही.

दरखास्त आणि जप्ती

दिवाणी न्यायालयाने पैशाचा हुकूमनामा दिला असेल, तर वसुलीसाठी दरखास्त दाखल होते. सरकारविरुद्ध मात्र हुकूमनाम्यापासून 3 महिने थांबावे लागते. तरीही रक्कम आली नाही तर कार्यालयाची गाडी, खुर्च्या, संगणक यांवर जप्ती येऊ शकते. भूसंपादनाच्या भरपाईसाठी आपल्याकडे असे प्रसंग घडले आहेत.

सततची देखरेख

काही प्रकरणांत न्यायालय प्रकरण निकाली न काढता ठरावीक काळाने अहवाल मागवते. गटारात मेलेल्या सफाई कामगारांच्या कुटुंबांना 10 लाख रुपये द्या, असा आदेश 2014 मध्ये झाला. मृत्यू थांबले नाहीत. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ही रक्कम 30 लाख करून नव्याने निर्देश द्यावे लागले. पाठपुरावा सुटला की आदेश कागदावर राहतो, हे यावरून दिसते.

पळवाटा ओळखा

‘आम्ही अपील केले आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. स्थगिती मिळाली नसेल तर आदेश लागू असतो. विधिमंडळ कायद्यातला दोष दूर करून निकालाचा पाया बदलू शकते, पण निकाल नुसता रद्द ठरवू शकत नाही. अधिकाऱ्यांना ऊठसूट हजर राहायला लावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये सांगितले आहे. म्हणून आपली कागदपत्रे भक्कम हवीत.

काय करावे?

1. आदेशाची प्रमाणित प्रत लगेच काढा.
2. ती अर्जासोबत संबंधित अधिकाऱ्याला द्या. पोहोच घ्या, आवक क्रमांक लिहून ठेवा.
3. आदेशात मुदत नसेल तर अर्जात वाजवी मुदत मागा.
4. मुदत टळली की वकिलांना भेटा. अवमान घडल्यापासून एका वर्षाच्या आत कारवाई सुरू व्हावी लागते.

‘नंतर बघू’ म्हणत हे वर्ष निघून गेले, तर फायदा होतो तो आदेश मोडणाऱ्याचाच. निकालाच्या दिवशी पेढे जरूर वाटा, पण त्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी अर्जही करा.