आरडीरॅम आणि स्मृति-सुसंगतीचा प्रश्न (१९९९-२००१)

संगणक जुळवणाऱ्यास रॅम निवडण्याचे स्वातंत्र्य असते, हा समज या कालखंडाच्या अभ्यासातून टिकत नाही. नोव्हेंबर १९९९ मध्ये इंटेलने ८२० चिपसेट रॅमबस कंपनीच्या महागड्या आरडीरॅमसाठी आणला. स्वस्त एसडीरॅमही चालावी म्हणून जोडलेली रूपांतरक चिप सदोष निघाली. मे २००० मध्ये असे मदरबोर्ड बदलून देण्याची घोषणा करावी लागली. तरीही नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ सोबत आलेल्या ८५० चिपसेटला आरडीरॅमच लागे, तीही जोडीने. संकेतमार्ग अखंड राहावा म्हणून रिकाम्या स्लॉटमध्ये स्मृतिविरहित पट्टी बसवावी लागे. रिकाम्या जागेचीही ही सक्ती ग्राहकाच्या सोयीची खासच नव्हती. २००१ मध्ये इंटेलच्याच ८४५ चिपसेटने पेंटियम ४ ला एसडीरॅमची वाट मोकळी केली.