यलोस्टोनच्या वसंतसहलीची कुळकथा

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेअखेरीपर्यंत लहान गटांच्या सहली निघतात. एका व्हॅनमध्ये मावतील इतकेच प्रवासी आणि त्यांच्यासोबत एक जाणकार वाटाड्या असे या गटाचे स्वरूप असते. पहाटे लामार खोऱ्यात तिवईवर बसवलेल्या दुर्बिणीतून लांडगे व ग्रिझली अस्वले पाहावीत, दुपारी अप्पर गायझर बेसिन या गायझरांच्या पट्ट्यात पाण्याच्या उसळीची वाट पाहावी आणि जमल्यास दक्षिणेकडील ग्रँड टेटन उद्यानाची जोड द्यावी, असा तिचा साधारण क्रम ठरून गेला आहे. ही रीत उद्यानाइतकीच जुनी असावी असे सहज वाटते. प्रत्यक्षात मात्र तिचा प्रत्येक घटक निराळ्या काळात व निराळ्या गरजेतून घडला, आणि त्या सर्वांत धाकटा घटक म्हणजे वसंत ऋतू होय.

या भूमीशी आदिवासी समाजांचे नाते हजारो वर्षांचे असून आज सत्तावीस जमाती तिच्याशी आपला संबंध सांगतात. शोशोनी लोकांपैकी तुकुदिका हा गट तर या डोंगरांतच राहत असे. पर्यटनाच्या दृष्टीने निर्णायक ठरली ती 1870 ची वॉशबर्न यांची मोहीम. ठरावीक अंतराने उसळणाऱ्या एका गायझरला ‘ओल्ड फेथफुल’ हे नाव याच मोहिमेने दिले. पुढच्या वर्षीच्या हेडन यांच्या सर्वेक्षणात छायाचित्रकार विल्यम हेन्री जॅक्सन व चित्रकार टॉमस मोरन सहभागी होते. त्यांच्या चित्रांचा अमेरिकन काँग्रेसवर प्रभाव पडला आणि 1 मार्च 1872 रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या सहीने उद्यानाचा कायदा झाला. या साऱ्यामागे नॉर्दर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीचे हितसंबंधही होते, कारण पश्चिमेकडे लोहमार्ग नेणाऱ्या कंपनीला प्रवासी खेचून आणणारे ठिकाण हवेच होते.

गटाने हिंडण्याची पद्धत रेल्वेच्या याच गरजेतून आली. 1883 मध्ये लोहमार्ग उद्यानाच्या उत्तर सीमेजवळ पोहोचला. त्यानंतर गाडीतून उतरलेल्या प्रवाशांना घोड्यांच्या मोठ्या बग्ग्यांत बसवून मॅमथ, नॉरिस, ओल्ड फेथफुल, यलोस्टोन सरोवर आणि कॅन्यन अशी सुमारे पाच दिवसांची फेरी घडवण्याची व्यवस्था रूढ झाली. एका बग्गीत बसणारी माणसे म्हणजे एक गट, आणि मुक्काम, जेवण व थांबे कंपनी ठरवील तसे, असा हा मामला होता. विल्यम वायली यांनी त्याला तंबूंच्या मुक्कामाचा स्वस्त पर्याय दिला. फेरीचा हंगाम मात्र उन्हाळ्याचाच राहिला, कारण उद्यानाचा बराचसा भाग समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच असून तिथले रस्ते वसंतातही बर्फाखाली असत. 1915 मध्ये मोटारींना प्रवेश मिळाला आणि दोनच वर्षांत बग्ग्यांची जागा मोटारबसने घेतली. यानंतर प्रवाशांची विभागणी झाली : ज्याच्याकडे मोटार होती तो कुटुंबासह स्वतंत्रपणे फिरू लागला, तर गटाने फिरणे म्हणजे बसमधून फिरणे असे समीकरण बनले.

गायझर पाहण्याच्या रीतीचा उगम वेगळा आहे. गायझर म्हणजे थांबून थांबून उसळणारा उष्णोदकाचा झरा. जमिनीत खोल मुरलेले पाणी तप्त खडकांमुळे तापते, परंतु वरच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब असल्याने नेहमीच्या उत्कलनबिंदूपेक्षा अधिक तापमानालाही उकळत नाही. वर चढणारे बुडबुडे अरुंद नळीतील थोडे पाणी बाहेर ढकलतात, त्यासरशी दाब उतरतो आणि खालच्या अतितप्त पाण्याची एकदम वाफ होऊन ते उसळते. जगातील सर्वाधिक गायझर यलोस्टोनमध्येच असून त्यांपैकी पाचशेहून अधिक सक्रिय आहेत. तरीही कोणता केव्हा उसळेल हे कळल्याशिवाय त्यांचे दर्शन सहलीच्या वेळापत्रकात बसणे शक्य नव्हते. ओल्ड फेथफुलचा अंदाज बांधता येतो, कारण एक उसळी जितकी लांबते तितकी पुढच्या उसळीची वाट अधिक पाहावी लागते. पोकळी जास्त रिकामी झाली की ती पुन्हा भरून तापायला जास्त वेळ लागतो. हा संबंध पक्का करण्यात जॉर्ज मार्लर या निसर्ग-अभ्यासकाच्या दीर्घ नोंदींचा मोठा वाटा आहे. ऑगस्ट 1959 मध्ये उद्यानाच्या पश्चिमेला हेब्गेन सरोवरापाशी मोठा भूकंप झाला. त्याने अनेक झऱ्यांची लय बदलली, त्यामुळे अंदाजांची गणितेही सतत तपासत राहावी लागतात. ओल्ड फेथफुलच्या दोन उसळ्यांमधील सरासरी अंतर पूर्वी तासाभराहून थोडे अधिक होते, ते आता सुमारे दीड तासावर गेले आहे. कॅसल, ग्रँड, डेझी, रिव्हरसाइड अशा मोजक्याच इतर गायझरांचे अंदाज दिले जातात, आणि वाटाड्याची दुपार त्यांच्याभोवतीच आखली जाते.

वन्यप्राणी पाहण्याच्या रीतीचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आणि काही अंशी लाजिरवाणाही आहे. चोरट्या शिकारीमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी उद्यानात जेमतेम दोन डझन रानबायसन (गव्यासारखे हे प्राणी ‘बफेलो’ म्हणूनही ओळखले जातात) उरले होते, म्हणून लामार खोऱ्यात त्यांची पैदास करणारे ‘बफेलो रँच’ चालवावे लागले. याउलट लांडगे उपद्रवी ठरवून मारले गेले आणि 1926 पर्यंत त्यांचे कळप संपले. अस्वलांचे तर जाहीर खेळच होत : हॉटेलांचे खरकटे जिथे टाकले जाई तिथे बाके मांडलेली असत आणि संध्याकाळी शेकडो प्रवासी अस्वलांची पंगत पाहायला जमत. हे खेळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंद झाले. 1963 च्या लिओपोल्ड अहवालाने उद्यानांतील निसर्गव्यवहार शक्यतो मूळ स्वरूपात राखण्याचे धोरण पुढे आणले, आणि त्यानंतर उकिरडेही टप्प्याटप्प्याने बंद केले गेले. या बदलाची किंमत अनेक अस्वलांनी जिवाने मोजली. 1975 मध्ये ग्रिझलीला संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याचे संरक्षण द्यावे लागले. प्राणी ठरल्या वेळी समोर आणून दाखवण्याचे युग अशा रीतीने संपले आणि प्रवाशालाच प्राण्याच्या वेळेला व वाटेला जाणे भाग पडले.

वसंताचा प्रवेश होतो तो इथे. 1995 व 1996 मध्ये कॅनडातून आणलेले एकतीस लांडगे उद्यानात सोडण्यात आले आणि लामारचे उघडे, रुंद खोरे हे त्यांना रस्त्यावरून पाहता येण्याचे उत्तम ठिकाण ठरले. खोऱ्यातून जाणारा रस्ता कूक सिटी या गावासाठी बारमाही खुला ठेवला जातो, हा योगायोगही कामी आला. वसंतात उंचावर बर्फ असल्यामुळे एल्क नावाची मोठी हरणे आणि बायसन उत्तरेकडील सखल भागातच असतात. मार्च-एप्रिलमध्ये अस्वले शीतनिद्रेतून बाहेर येतात, एप्रिलअखेरीपासून बायसनची तांबूस वासरे जन्मू लागतात आणि पिल्ले झालेले लांडग्यांचे कळप गुहांच्या आसपास रेंगाळतात. ओल्ड फेथफुलकडे जाणारा पश्चिमेकडचा रस्ता बर्फ हटवून साधारण एप्रिलच्या तिसऱ्या शुक्रवारी खुला होतो. लांडगे आणि गायझर एकाच सहलीत गुंफता येतात ते त्यानंतरच, आणि सहलीची तारीख अशी प्राणी व बर्फ मिळून ठरवतात.

गट पुन्हा लहान होण्याची कारणेही याच बदलात सापडतात. 1976 मध्ये सुरू झालेल्या यलोस्टोन इन्स्टिट्यूटने तज्ज्ञांसोबत चालणारे छोटे अभ्यासवर्ग रुजवले आणि पुढे जुन्या बफेलो रँचलाच त्यांचे केंद्र केले. दूरवरचा लांडगा दाखवायचा तर दुर्बिणीवर प्रत्येकाची पाळी यायला हवी, गाडी रस्त्याकडेच्या लहानशा जागेत मावायला हवी, आणि अस्वल व लांडग्यापासून किमान 91 मीटर, इतर प्राण्यांपासून 23 मीटर अंतर राखण्याचा नियम सर्वांकडून पाळला जायला हवा. मोठ्या बसला यांतले काहीच नीट साधत नाही. बग्गीच्या काळी गटाचा आकार वाहनाच्या आसनांवरून ठरे, आता तो पाहण्याच्या पद्धतीवरून ठरतो.

या प्रथेपुढचा पेच तिच्या यशातूनच निर्माण झाला आहे. 2021 मध्ये उद्यानाला 48 लाखांहून अधिक भेटी नोंदल्या गेल्या आणि उन्हाळ्याची गर्दी टाळू पाहणारे प्रवासी वसंताकडे वळू लागले. मात्र हाच काळ प्राण्यांच्या सर्वाधिक अशक्तपणाचा असतो : हिवाळ्याने अंगातली चरबी सरलेली, पोटात वा पायाशी पिल्लू, आणि गवत नुकतेच उगवू लागलेले. अशा वेळी माणसांमुळे एकदा पळावे लागले तरी ते त्यांना महागात पडते. प्राण्यांच्या सोयीशी जुळवून घेण्यातून वसंतसहल जन्मली हे खरे असेल, तर मे महिन्यात किती माणसे व किती वाहने रस्त्यावर असावीत, याची मर्यादाही प्रवाशांच्या मागणीपेक्षा त्याच सोयीवरून ठरवणे सुसंगत ठरेल.