टक्केवारीची भाऊबंदकी

मारिओ हा मिशीवाला प्लंबर, पिकाचू हा अंगातून वीज सोडणारा पिवळा प्राणी, डाँकी काँग वानर आणि सामस चिलखतातली अंतराळ-शिकारी. चौघांचं गोत्र वेगळं, गाव वेगळं. तरीही २१ जानेवारी १९९९ रोजी जपानमध्ये निन्टेंडो ६४ या यंत्रावर त्यांची मारामारी आली ती 'स्मॅश ब्रदर्स' या नावाने. यातले भाऊ कोण आणि कुणाचे?

खेळाचं पाळण्यातलं नाव निराळंच होतं. 'किर्बी' या खेळाचा जनक मासाहिरो साकुराई याने हॅल लॅबोरेटरीत चार जणांनी एकत्र खेळायच्या लढाईचा कच्चा नमुना केला आणि कंपनीचा स्टुडिओ ज्या यामानाशी प्रांतातल्या र्‍यूओ गावी होता त्या गावाचंच नाव त्याला दिलं. र्‍यूओ म्हणजे ड्रॅगनराजा. प्रोग्रॅमिंग केलं सातोरू इवाता यांनी. ते तेव्हा कंपनीचे अध्यक्ष होते, त्यामुळे हे काम सुट्टीच्या दिवशी चालायचं. नमुन्यातले लढवय्ये बिनचेहऱ्याचे होते. घरच्या टीव्हीवर अशा अनोळखी बाहुल्यांमध्ये कोण रमणार, हे ओळखून साकुराईने मारिओ, डाँकी काँग, सामस आणि फॉक्स या निन्टेंडोच्या पात्रांना परवानगी न विचारताच आत घेतलं. परवानगी मागाहून मिळाली.

पण सरमिसळ ही या खेळाची खरी करामत नव्हेच. वेगवेगळ्या खेळांतली पात्रं 'द किंग ऑफ फायटर्स'ने १९९४ मध्येच एका आखाड्यात उतरवली होती. खरी करामत टक्क्यांची. इथे शक्ती मोजणारी पट्टी नाही. मार बसला की टक्के चढतात, आणि टक्के जितके जास्त तितका पुढचा फटका लांब भिरकावतो. पडद्याबाहेर गेला तो बाद. (मराठीत 'टक्केटोणपे' हा शब्द आधीपासून तयार आहे, हा निव्वळ योगायोग.)

याचं मूळ साकुराईनेच सांगितलं आहे. आर्केडमध्ये 'किंग ऑफ फायटर्स ९५' खेळताना त्याने पलीकडच्या खेळाडूला लागोपाठच्या फटक्यांनी पार लोळवलं. मग पाहिलं तर पलीकडे एक नवखं जोडपं बसलेलं! पाठ केलेल्या फटक्यांच्या माळेपुढे नवख्याचा निभाव लागत नाही, हे त्याला खुपलं. टक्के वाढतील तसा प्रत्येक फटक्याचा परिणाम बदलला, तर अशी घोटलेली माळ ओवता येत नाही.

काही जण मूळपुरुषाचा मान नामकोच्या 'द आउटफॉक्सीज'ला देतात. तिथेही बहुमजली आखाडे आहेत, हाती लागेल ते शस्त्र आहे. पण तिथे शक्तीची पट्टी शाबूत आहे, आणि पट्टी असेल तर वंशावळ जुळत नाही. सुमोशी नातं लावणं अधिक पटतं, कारण तिथेही प्रतिस्पर्ध्याला रिंगणाबाहेर ढकललं की काम झालं. मात्र सुमोत टक्के नाहीत.

उरतं नाव. 'ब्रदर्स' हा शब्द इवाता यांनी सुचवला. साकुराईने नोंदवलेलं त्यांचं म्हणणं असं, की ही पात्रं भाऊ नसली तरी या शब्दामुळे हे वैर नसून मित्रांमधली किरकोळ कुरबूर आहे, असं वाटतं. स्पष्टीकरण गोड आहे, पण अर्धंच. निन्टेंडोच्या घरात 'ब्रदर्स' म्हटलं की १९८३ चा 'मारिओ ब्रदर्स'च आठवणार. त्यात मारिओ आणि लुइजी मजल्यांवर उड्या मारत शत्रूंना उलथवतात, आणि जमलं तर खालून मजल्याला ठोसा देऊन सख्ख्या भावालाही उडवतात. मजले, धक्काबुक्की, वर भाऊपण: सगळा ऐवज सोळा वर्षं आधी तयार होता. म्हणजे इवातांनी शब्द सुचवला तो नकळत खेळाचं कूळ सांगणारा. हा तर्कच, पण 'स्मॅश ब्रदर्स'च्याच २००८ च्या 'ब्रॉल' या पुढच्या भागात 'मारिओ ब्रदर्स'चा तोच जुना पडदा आखाडा म्हणून आला, तेव्हा तो परका मुळीच वाटला नाही.

पुढची हकिकत सर्वश्रुत आहे. पहिल्या खेळात बारा पात्रं होती, 'ब्रॉल'मध्ये कोनामीचा स्नेक आणि सेगाचा सोनिक आले, २०१८ च्या 'अल्टिमेट'मध्ये तर आधीचे सगळेच परतले.

भाऊबंदकीची ही व्युत्पत्ती ज्याला पटत नसेल, त्याने १९८३ चा तो खेळ जोडीने लावावा आणि कोण कुणाला आधी त्यातल्या शत्रू-खेकड्याच्या अंगावर ढकलतो ते पाहावं.