दोन भाऊ लाहोरचे, दोन भाऊ पुण्याचे

काही वर्षांपूर्वी माझ्या कादंबरीची अकरा प्रकरणे पेनड्राइव्हवर घालून ती छापून घेण्यासाठी मी एका दुकानात गेलो होतो. घरी येऊन पाहतो तो काय, प्रत्येक फोल्डरच्या जागी त्याच नावाचा, पण कोपऱ्यात बाण असलेला एक तोतया बसलेला! माझ्या एका विद्यार्थ्याने दहा मिनिटांत मूळ प्रकरणे बाहेर काढून दिली. ती पुसलेली नव्हती, दडविलेली होती. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला होता, हे मी वर्गात दरसाल सांगतो. पण माझ्याच घरात तोतया शिरावा, आणि तोही माझ्याच खिशातून, ह्याचे नवल वाटले. मग मी त्या तोतयाची वंशावळ शोधू लागलो.

ती लाहोरला जाते. 1986 साली बासित आणि अमजद फारूक अल्वी ह्या भावांनी ‘ब्रेन’ नावाचा विषाणू लिहिला. आपल्या प्रोग्रामच्या चोरट्या प्रती निघतात म्हणून चोरांना अद्दल घडवावी, असा आपला हेतू होता, असे त्यांनी पुढे सांगितले. फ्लॉपीच्या ज्या भागातून यंत्र आपले काम सुरू करते, नेमका तेथेच तो मुक्काम ठोकी. गंमत अशी की, त्यात दोघांची नावे, दुकानाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातलेला होता! दरोडेखोराने ओट्यावर नाव-गाव लिहून जावे, तसाच हा प्रकार. इंटरनेट तेव्हा घरोघर नव्हते. हा विषाणू जगभर हिंडला तो माणसांच्या हातांतून, स्नेह्याने स्नेह्याला दिलेल्या फ्लॉपीतून.

दुसरे दोन भाऊ आपल्याकडचे. कैलास काटकर हे मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे. दहावीनंतर शाळा सोडून ते पुण्यात रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करू लागले. (मीही त्याच इयत्तेपाशी थांबलेला, म्हणून ही गोष्ट मला जरा अधिकच गोड लागते.) धाकटे संजय मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणारी यंत्रे पुष्कळदा मोडलेली नसत, विषाणूने पछाडलेली असत. म्हणून संजय ह्यांनी ती साफ करणारे छोटे प्रोग्राम लिहिले. 1995 साली कंपनी उभी राहिली, 2007 मध्ये तिने आपल्या औषधाचेच नाव घेतले, ‘क्विक हील’. आणि 2016 साली ती शेअर बाजारात गेली. पुण्याबाहेरची तिची पहिली शाखा आमच्या नाशकात निघाली, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

ह्या औषधाची मूळ रीत पोलीसचौकीसारखी. पकडलेल्या प्रत्येक विषाणूची खूण टिपून ठेवावयाची आणि येणारी प्रत्येक फाइल त्या टिपणाशी ताडून पाहावयाची. टिपण जुने झाले की नवा चोर राजरोस आत येतो.

आणि चोरही बदलले. ‘मायकेलअँजेलो’ 6 मार्चची वाट पाही, ‘चेर्नोबिल’ 26 एप्रिलची. तो दिवस उजाडला की घणाघाती नाश. 1999 साली चेर्नोबिलने कित्येक यंत्रे अशी निकामी केली की, त्यांना सुरूही होता येईना. पुढचे आले ते हेर. हेराला यंत्र बिघडवावयाचे नसते. उलट ते धडधाकट राहावे, हेच त्याच्या हिताचे. बँकेचा परवलीचा शब्द टाइप करताना आपण दाबलेली एकेक कळ तो मुकाट्याने टिपतो आणि धन्याकडे पाठवितो. पत्ता ठेवून जाण्याचे भोळेपण त्याच्यापाशी नाही. आणि त्याला दार उघडून देतो कोण? फुकटच्या प्रोग्रामला भुललेले आपणच! पैसे वाचविण्यासाठी चोरटी प्रत घ्यावयाची, ती चालावी म्हणून कोणा अनोळख्याने दिलेली ‘किल्ली’ वापरावयाची, आणि ती किल्ली अडवते म्हणून पहारेकऱ्यालाच रजा द्यावयाची, हा प्रकार मी सुशिक्षित घरांत पाहिला आहे.

12 मे 2017 रोजी ‘वॉनाक्राय’ने दीडशेच्या आसपास देशांतील संगणकांतल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजविण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच पाठविली होती. पुष्कळांनी ती बसविलीच नव्हती. हे लिहीत असताना माझ्याही पडद्याच्या कोपऱ्यात अशीच एक सूचना आली आहे. गेल्या आठवड्यात मी तिला दोनदा ‘नंतर’ म्हणून परत पाठविले होते.